दुसऱ्या ऑग्स्टचं उद्यापन

वॉटफर्डमधल्या ज्या घरात लीलावतीबाई पेठे राहतात, ते मुलाच्या नावावर आहे. दारातली गाडी सुनेच्या नावावर आहे, आणि बाईंच्या हातातला फोनसुद्धा मुलाच्या फॅमिली प्लॅनमधला आहे. मुलगा चांगला, सून चांगली, कुणी कधी वाकडा शब्द बोलत नाही. पण नवरा गेल्यावर बर्मिंगहॅमचं घर विकून बाई इकडे आल्या, तेव्हापासून त्यांच्या नावाची पत्रं 'केअर ऑफ परीक्षित पेठे' अशी यायला लागली, आणि चहाचं पातेलं कुठल्या खणात ठेवायचं ते सुनेला विचारावं लागायला लागलं. जिनं बर्मिंगहॅमच्या शाळेच्या किचनमध्ये शेकडो पोरांचं जेवण वर्षानुवर्षं वेळेवर काढलं, तिला हे टोचतं. टोचणारच.

या देशात त्यांच्या स्वतःच्या नावावर एकच गोष्ट उरली होती. रेल्वेलाइनपलीकडच्या अलॉटमेंटमधला एक तुकडा. कौन्सिलची जमीन, वर्षाच्या भाड्यानं भाजीपाला लावायला मिळते, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर ताटकळतात. साडीच्या दिवसांत बाई घरच्या किल्ल्या कनवटीला लावायच्या, तशी तिथल्या मोडक्या शेडची किल्ली आता ट्राउझरच्या खिशात ठेवतात. घरच्या दाराची किल्ली त्या दोनदा विसरल्या आहेत, ही कधीच नाही.

शेजारच्या तुकड्यावर हेडविग होती. मूळची जर्मनीची, एका इंग्रजाशी लग्न करून इथे आलेली, जन्मभर शाळेत जर्मन शिकवलेली, आता पंचाऐंशीच्या पुढची. तिला एक वेड होतं. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीत महिन्यांना लोक काय म्हणत, ते ती जमवायची. तिच्या शेडच्या भिंतीवर बारा फळ्या ठोकलेल्या होत्या. एका फळीला एक महिना, आणि प्रत्येक फळीवर एकाच महिन्याची तीन-तीन, चार-चार रूपं रंगवलेली. जानेवारीच्या फळीवर येनर, येन्नर, गेनर. एप्रिलच्या फळीवर आबेरेले, आब्रिल, आबरेल.

"यातलं खरं कुठलं?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"सगळी खरी," हेडविग म्हणाली. "लॅटिन नाव एकच. ते पाद्र्याकडून गावात आलं, की प्रत्येक गावाच्या तोंडात वेगळं झालं. कधीकधी एकच कारकून एकाच पानावर दोन तऱ्हांनी लिहायचा."

बाईंना हे फार पटलं. त्यांची आई जन्मभर 'फेबरवारी' म्हणायची आणि तिचं काहीही अडलं नाही.

हेडविगच्या मते महिने दोन जातींचे होते. लॅटिनमधून आलेले महिने मुके. येनर म्हणा नाही तर मेर्त्स म्हणा, नावात काम सांगितलेलं नाही. पण शेतकऱ्यांनी स्वतः ठेवलेली नावं हुकूम सोडतात. जून म्हणजे ब्राखमोनाट, पडीक जमिनीचा महिना. जुलै म्हणजे हॉयमोनाट, गवत कापायचा. ऑक्टोबर म्हणजे वाइनमोनाट, द्राक्षांचा. फेब्रुवारीला हॉर्नुंग म्हणायचे, म्हणजे भावंडांच्या वाटणीत ज्याला कमी मिळालं तो. आणि या सगळ्यांत लबाड ऑग्स्ट. नाव रोमन बादशहाचं, पण शेतकऱ्यांनी त्याला शेतात जुंपला. 'ऑग्स्ट करणे' म्हणजे कापणी करणे, असं ते सरळ बोलायचे. सप्टेंबरच्या फळीवर तर खाली बारीक अक्षरांत 'दुसरा ऑग्स्ट' असंही लिहिलेलं होतं.

"हा आमच्या अधिक महिन्यासारखा," बाई जाणत्या माणसासारख्या म्हणाल्या. "आमच्याकडे पण दोन-दोन श्रावण येतात."

"नाही गं. अधिक नाही. दरवर्षीच. कापणी संपली नाही, तर ऑग्स्ट कसा संपेल?"

एका जानेवारीत हेडविगचे गुडघे कामातून गेले आणि ती बर्मिंगहॅमला मुलीजवळच्या केअर होममध्ये राहायला गेली. जाताना फळ्या बाईंना देऊन गेली. बाईंनी त्या आपल्या शेडवर ठोकल्या, आणि त्या दिवशी त्यांच्या मनानं जे घेतलं, ते घ्यायला मराठी बाईच हवी. त्यांनी नेम धरला.

नेमाच्या बाबतीत लीलावतीबाईंचा हात धरणारं कुणी नाही. दर चातुर्मासात एक नेम. एका वर्षी वांगं बंद, एका वर्षी खुर्चीवर बसून जेवायचं नाही, एका वर्षी मौन पाळून जेवायचं. त्या वर्षी शाळेच्या किचनमधल्या आयरिश बाईला वाटलं की पेठेबाई आपल्यावर रागावल्यात, आणि ती रोज एक केक आणून ठेवायची. नेम मोडला असं एकदाही झालेलं नाही. आता मैत्रीण लांब गेली, तर तिच्या नावानं हा: फळी सांगेल तेच जमिनीवर करायचं. मुक्या महिन्यांत आपली मर्जी, बोलक्या महिन्यांत फळीचा हुकूम. शेवटी रीतीप्रमाणे उद्यापन करायचं, चार माणसांना जेवू घालायचं आणि नेम सोडायचा.

मे महिन्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. बाईंनी मेथी काढली, मुळे काढले. मग जून उजाडला आणि ब्राखमोनाटची फळी समोर आली. पडीक जमीन. बाईंनी काय करावं? होती नव्हती ती सगळी भाजी उपटली आणि जमिनीला हात लावायचं बंद केलं. त्यांच्या हिशोबानं हा जमिनीचा उपास होता. उपासाच्या दिवशी माणूस स्वयंपाकघरात लुडबुड करत नाही, तसं आपणही करायची नाही. रोज संध्याकाळी त्या फ्लास्कमधला चहा घेऊन शेडच्या पायरीवर बसायच्या आणि समाधानानं काही न करता परत यायच्या.

सगळीकडे लोक घेवडे आणि झुकिनी लावत होते. बाईंच्या तुकड्यावर पंधरवड्यात गवत गुडघ्याला लागलं. डँडेलियनच्या तणाला बी धरलं आणि त्याच्या पांढऱ्या म्हाताऱ्या उडून चौफेर लोकांच्या गाजरांत जाऊन बसायला लागल्या. शेवटी कमिटीचा सेक्रेटरी कीथ आला. हा कीथ म्हणजे लाल मानेचा, कमी बोलणारा, टोमॅटोवर जीव असलेला माणूस. वाईट नाही, पण नियमाला पक्का.

"मिसेस पेठे, जमीन कसली गेली पाहिजे," तो म्हणाला. "माझ्याकडे तक्रारी आल्यात. महिन्याभरात बदल दिसला नाही, तर मला हा प्लॉट पुढच्या माणसाला द्यावा लागेल. मला आवडणार नाही, पण द्यावा लागेल."

घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं, तर परीक्षित लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "आई, अगं सिंपल आहे. थोडी कोथिंबीर पेरून टाक. बॉक्स टिक झाला की झालं."

"माझा नेम आहे."

"नेम काय आई! बी प्रॅक्टिकल. आणि गेला प्लॉट तर गेला, आपली बॅक गार्डन आहे ना. तुला हवं ते लाव तिथे."

मुलगा मनापासून म्हणाला. पण 'आपली बॅक गार्डन' कुणाच्या नावावर आहे ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. पोळ्या त्या दिवशी नेहमीपेक्षा जोरात लाटल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉटफर्ड जंक्शनवरून बर्मिंगहॅमची ट्रेन धरली. नेमात अडचण आली तर ज्याच्या नावाचा नेम त्यालाच विचारायचं. हेडविग खिडकीपाशी बसली होती. बाईंनी जमिनीच्या उपासाची हकिकत सांगितली, आणि हेडविग इतकी हसली की नर्स बघायला आली.

"उपास? लीला, माझे आजोबा जूनमध्ये पडीक शेतावर जितके घामाघूम व्हायचे, तितके वर्षात कधी व्हायचे नाहीत. पडीक म्हणजे पेरायचं नाही. पण नांगरायचं, उलथं-पालथं करायचं, तणाच्या मुळ्या उन्हात टाकायच्या. जुन्या चित्रांत जूनमध्ये नांगर असतो. पायरीवर बसून चहा पिणारी बाई नसते."

बाई तोंडावर पडल्या होत्या, पण त्यांना लाज वाटण्याऐवजी हायसं वाटलं. नेम मोडायचा नव्हता, उलट अजून पाळायलाच सुरुवात झाली नव्हती. निघताना हेडविगनं सांगितलं, पडीक जमिनीत पुढे शरदात राय पेरतात. राय म्हणजे गव्हाचा सावळा चुलतभाऊ. मधल्या फळ्यांचे हुकूम त्या शेताला नसतात; पुढच्या ऑग्स्टला कापायची, तिथे चक्र पुरं होतं.

"म्हणजे उद्यापन पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या.

"ते काय असतं मला माहीत नाही. पण हो."

एकाहत्तराव्या वर्षी लीलावतीबाईंनी कंबर कसली. बागेचा फोर्क आणि फावडं घेऊन सकाळी जायचं, दोन ओळी उलथायच्या, पाठ धरली की पायरीवर बसायचं, पुन्हा दोन ओळी. मुळ्या काढून उन्हात पसरायच्या. कीथ लांबून बघत होता. जून सरता सरता सगळा तुकडा काळाभोर झाला, एक काडी म्हणून दिसेना.

"खणलंय झकास," कीथ म्हणाला. "पण आता लावणार काय?"

"राय. ऑक्टोबरमध्ये."

"राय आम्ही खत म्हणून पेरतो आणि वसंतात मातीत गाडतो. ते खायचं पीक नाही."

"मी खाणार आहे."

कीथनं मान खाजवली. कमिटीत चर्चा झाली. ठरलं असं, की एक वर्ष बघू. पुढच्या ऑगस्टअखेर प्लॉटवरून खाण्याजोगं पीक निघालं तर प्लॉट बाईंचा, नाहीतर वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या माणसाचा. बाईंनी ते मान्य केलं. न करून सांगतात कुणाला!

ऑक्टोबरात राय पेरली. थंडीत सगळ्या प्लॉटांवर चिखल आणि निळ्या ताडपत्र्या असताना बाईंचा तुकडा हिरवागार होता, आणि तेवढ्यावरूनही दोन-चार भुवया वर गेल्या. मे महिन्यात राय बाईंच्या खांद्याला लागली, जूनमध्ये डोक्यावर गेली. वाऱ्यानं लवायची तेव्हा लोक पायवाटेवर थांबून बघायचे. एकदा ईशिता, त्यांची नात, युनिव्हर्सिटीतून आली होती, तिनं फोटो काढला आणि म्हणाली, "आजी, तू दिसतच नाही आतमध्ये."

"दिसेन, दिसेन," आजी आतून म्हणाल्या.

मग ऑगस्ट आला आणि पाऊस घेऊन आला. पहिला आठवडा पाऊस, दुसरा पाऊस, तिसऱ्यात वादळ होऊन अर्धी राय आडवी झाली. ओल्या ओंब्या कापल्या तर बुरशी धरणार, न कापाव्या तर जागच्या जागी मोड येणार. बाई रोज छत्री घेऊन जायच्या, ओंबी हातावर चोळून दाणा दातानं चावून बघायच्या आणि परत यायच्या. दाणा अजून मऊच होता. घरी कुणी काही विचारलं तर फाडकन बोलायच्या. खरं सांगायचं तर बाई घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या चिडतात.

महिनाअखेरीस कीथ आला. दोघं छत्र्यांखाली उभे राहून आडव्या रायकडे बघत होते.

"मला वाईट वाटतं, मिसेस पेठे. पण ऑगस्ट संपला."

बाईंनी त्याला शेडपाशी नेलं आणि सप्टेंबरच्या फळीवर बोट ठेवलं. "हे वाचा. खालचं, बारीक."

"मला जर्मन येत नाही."

"दुसरा ऑग्स्ट. कापणी झाली नाही तर ऑग्स्ट संपत नाही. ज्यांनी ही नावं ठेवली ते शेतकरी होते, कमिटी नव्हती. मी तुमच्याकडे सवलत मागत नाही. पाऊस माझ्या हातात नाही, कापणी माझ्या हातात आहे. मला दाणा पिकेपर्यंत वेळ द्या."

कीथनं वाकून फळीवरची बारीक अक्षरं बघितली. मग म्हणाला, "माझे टोमॅटो पण अजून हिरवेच आहेत या पावसानं." "सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आपला भाजीपाल्याचा शो आहे. सगळी कमिटी तिथेच असते. त्या दिवशी टेबलावर खायची वस्तू दिसली पाहिजे. गवत नाही."

सप्टेंबर लागला आणि ऊन पडलं. बाईंनी ते बघितलं आणि मुलाला म्हणाल्या, "मला शनिवारी-रविवारी तुझी गरज आहे. लॅपटॉप घरी ठेव." याच आवाजात त्या पूर्वी त्याला गणिताच्या पेपराच्या दिवशी उठवायच्या. परीक्षित आला. आईनं विळा धरला आणि ती एका लयीत कापत सुटली, तो मागून पेंढ्या बांधत गेला. दुपारपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले. आईच्या हाताला काही झालं नव्हतं.

"आई, तू हे कुठे शिकलीस?"

"यूट्यूबवर," बाई म्हणाल्या. "मी सदाशिव पेठेतली आहे रे. मला कोण शिकवणार!"

पेंढ्या आठवडाभर उन्हात वाळल्या. मग ताडपत्रीवर पसरून बाईंनी काठीनं झोडपून मळणी केली. त्या आवाजानं एकेक शेजारी गोळा झाला. वारा सुटला तशी त्यांनी घरून आणलेलं सूप काढलं. बर्मिंगहॅमचं घर आवरताना मुलानं 'हे कशाला?' म्हणून बाजूला ठेवलेलं आणि बाईंनी गुपचूप परत पिशवीत टाकलेलं ते सूप. त्या पाखडायला लागल्या, कोंडा उडून पायवाटेवर गेला आणि सुपात राखाडी-हिरवे, निमुळते, टणक दाणे राहिले. कीथनं पुढे होऊन मूठभर दाणे हातावर घेतले. मग ताडपत्रीचं दुसरं टोक त्यानंच उचलून धरलं.

दाणे घरघंटीतून दळले. शोच्या दिवशी हॉलमध्ये पांढऱ्या कापडांच्या टेबलांवर भोपळे, कांदे, जॅमच्या बाटल्या आणि डेलियाची फुलं मांडलेली होती. 'इतर कुठलाही ब्रेड' या गटात सहा गोल पाव होते, एकाहून एक देखणे. बाईंनी परवानगी काढून कोपऱ्यात गॅसची शेगडी लावली. परातीत रायचं पीठ, त्यात उकळतं पाणी, सणसणीत मळणं. पीठ गव्हासारखं नव्हतं आणि ज्वारीसारखंही नव्हतं, पहिली भाकरी थापतानाच फाटली. बाईंनी ती बाजूला ठेवली. दुसऱ्या उंड्याला पाणी जास्त लावलं, तळव्याची कड किंचित वर धरली, आणि भाकरी गोल फिरत मोठी होत गेली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटवली, आचेवर धरली. ती टम्म फुगली, आणि सगळा हॉल त्या करपट, गोडसर वासानं भरला.

परीक्षक म्हणून आलेली बेकरीवाली बाई सगळे पाव चाखून झाल्यावर शेगडीशी आली. तिनं तुकडा मोडला, बाईंनी त्यावर लोण्याचा गोळा ठेवला. ती चावत राहिली. मग तिनं विचारलं, "पीठ कुठून आणलंत?"

"प्लॉटवरून," लीलावतीबाई म्हणाल्या.

"यांच्याच जमिनीतलं आहे," कीथ मागून म्हणाला. "मी स्वतः बघितलंय."

लाल चिठ्ठी भाकरीच्या ताटलीपुढे लागली. ईशिता धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. "आजी, तुझा भाकरी फर्स्ट आला!"

"तुझी भाकरी, आली," तिच्या आईनं, श्रद्धानं, तिला दुरुस्त केलं, पण आजीला त्या वाक्यात काहीच चूक दिसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसलेही नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण या गावात कुणाकडे राहायला आलेलो नाही, आपण इथल्याच आहोत.

तिनं हेडविगला फोन लावला. तिकडून कापऱ्या आवाजात विचारणा झाली, "ऑग्स्ट झाला?"

"आत्ता झाला," बाई म्हणाल्या. "आता उद्यापन."

आणि उद्यापन झालं. बाई भाकऱ्या थापत गेल्या, परीक्षित फोड आलेल्या हातांनी त्या वाटत गेला. सोबत लसणीची चटणी होती, लोणी होतं, कीथचे अखेर लाल झालेले टोमॅटो होते. तक्रार करणारे गाजरवालेसुद्धा दुसऱ्यांदा मागायला आले. पीठ संपलं तेव्हाच शेगडी बंद झाली, आणि बाईंनी परातीत पाणी ओतून, हात जोडून, नेम सोडला.

मग कीथ रजिस्टर आणि पेन घेऊन आला. प्लॉट कायम झाला होता, बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर आणि प्लॉटच्या नव्या पाटीवर घालायला नाव हवं होतं. त्यानं जुनी नोंद बघून वाचलं, "मिसेस एल. पेठे, केअर ऑफ परीक्षित पेठे. असंच ठेवू?"

परीक्षितनं आईकडे बघितलं. काहीतरी त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो परात धुवायला निघून गेला.

"केअर ऑफ कुणी नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं लीलावती पेठे लिहा. पूर्ण."

कीथनं अक्षरं विचारून विचारून ते लिहून घेतलं.